याचं काई तरी होते

आमच्या ले-आउटमधला, म्हणजे कॉलनीतला, कचरा गाडीत पडण्याआधी तपासला जातो. तपासणारा माणूस ग्रामपंचायतीचा नाही, त्याला कोणी नेमलेलं नाही, आणि त्याचा पगारही कोणी देत नाही. सकाळी कोपऱ्यावर घंटागाडीचं गाणं वाजायला लागलं की बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेला हा माणूस गाडीच्या मागे येऊन उभा राहतो. एक हात गाडीच्या फळीवर आणि दुसरा पुढे केलेला, देवळात तीर्थ घ्यायला करतात तसा. आपण बादली उपडी करायला गेलो की तो म्हणतो, "थांबा."

आणि आपण थांबतो. मी तर कित्येक वर्षं थांबतेच आहे.

"काय हाय वैनी आज?"

"कचरा आहे भाऊजी. दुसरं काय असणार?"

"अन् हे काय व्हय?"

"तुटका झारा."

"दांडा त साबूत हाय." झारा डोळ्यांजवळ जातो, उलटासुलटा होतो, बनियनला पुसला जातो. "काऊन फेकता वो? द्या इकडे. होते, होते. याचं काई तरी होते."

हे नामाभाऊ. आमच्या समोरच्या घरात एकटेच राहतात. एका शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी एकदा विचारायला गेले होते, पण प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांनी माझ्या हातातली चाळणी काढून घेतली. "भोकं मोठी झाली, नाई? याचं काई तरी होते." तो विषय तिथंच संपला. चाळणीचं पुढे घड्याळ झालं. वेळ बरोबर दाखवत नाही, पण त्यातून ऊन छान पडतं.

आता आमच्या घराचं सांगते. मुलगा प्रशांत रोज नागपूरला अपडाऊन करतो. सकाळी निघतो तेव्हा लेकरं झोपलेली, आणि परत येतो तेव्हा तो स्वतः चालता चालता झोपलेला असतो. सून वैशाली केळझरची, इथं सेवाग्रामला दवाखान्यात नर्स आहे. कधी सकाळची ड्युटी, कधी दुपारची, कधी रात्रीची. ड्युटीवरून आली की सोफ्यावर बसते, आणि खांद्यावरची पर्स काढायच्या आत तिचा डोळा लागतो. पुष्कळदा मीच ती पर्स हळूच काढून घेते. दोन नातवंडं. ओवी सात वर्षांची, गुड्डू दोन वर्षांचा. त्यांना सांभाळायला मी, आणि मला सांभाळायला गुडघ्यांचा पट्टा. घरात न थकलेला माणूस फक्त गुड्डू, आणि आम्ही बाकीचे का थकलो याचं कारणही तोच.

असल्या घरासाठी माणूस काय काय करून ठेवू शकतो, ते वैशालीच्या मोबाइलवर दिसतं. रिकाम्या खोक्याचं बाहुलीघर, जुन्या टी-शर्टची पिशवी, पाच मिनिटांत, खर्च शून्य. वैशाली भात खाता खाता ते बघते आणि म्हणते, "आई, हे बघा ना, किती सोपं आहे." मी म्हणते, "खूप सोपं आहे गं. ती पाच मिनिटं कुठून आणायची तेवढं दाखवलंय का त्यात?"

ती पाच मिनिटं समोरच्या घरात होती. ढिगानं होती. आणि ती सगळी लेकरांवर, त्यातही आमच्या लेकरांवर, खर्च करायची असं नामाभाऊंनी ठरवलं होतं.

ओवी झाली तेव्हा पहिली वस्तू आली, खुळखुळा. खोकल्याच्या औषधाची बाटली, तिला लाल दोरा गुंडाळलेला, आणि आत मूग. फार गोड वाजायचा. ओवीनं तो आठवडाभर चोखला, लाळ झाकणातून आत गेली, आणि एका सकाळी वाजायचा बंद झाला. उजेडात धरून पाहिलं तर मुगाला मोड आले होते. मी नामाभाऊंना दाखवला. त्यांना वाईट वाटायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "पाहा वैनी, खेळणं बी झालं अन् उसय बी झाली."

मग पाळण्याचं यंत्र आलं. जुन्या कूलरची मोटर काढून त्यांनी ती पाळण्याच्या दोरीला जोडली. बटन दाबलं की पाळणा आपोआप हलणार आणि वैनीच्या खांद्याला आराम मिळणार. पाळणा हलला खरा, पण मोटरचा आवाज असा की शेजारच्या ले-आउटमधली कुत्री येऊन आमच्या फाटकाशी बसली. गुड्डूला मात्र तो आवाज इतका आवडला की त्याशिवाय तो झोपेना. वीज गेली की मोटर थांबायची, आणि मोटर थांबली की गुड्डू उठायचा. आमच्या ले-आउटमध्ये वीज किती वेळा जाते ते त्या उन्हाळ्यात सगळ्यांना गुड्डूच्या रडण्यावरून कळलं. वीज नसताना मी पाळण्याजवळ बसून तोंडानं मोटरसारखा आवाज काढायची. या वयात माणसाला काय काय करावं लागतं!

आणि तो रेनकोट. खताचं रिकामं पोतं चांगलं धुऊन, उन्हात वाळवून, त्याला बाह्या शिवून, टोपीसकट. पाणी एक थेंब आत जाणार नाही याची नामाभाऊंनी हमी दिली होती, आणि ते खरंच होतं. ओवी तो घालून आनंदात शाळेत गेली. पाठीवर मोठ्या हिरव्या अक्षरात 'युरिया' लिहिलेलं आहे हे घरातल्या कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरातल्या कोणाला तिची पाठ बघायला वेळ नव्हता. तो सगळा पावसाळा वर्गात तिचं नाव युरिया होतं. वैशाली रडकुंडीला आली. नामाभाऊ म्हणाले, "चांगलंच त हाय. लवकर वाढन."

मी त्यांना हसते, पण हसायचा माझा अधिकार तसा कमीच आहे. लग्न होऊन वडनेरला सासरी आले तेव्हा मीही टाकाऊतून टिकाऊ करणारी होते. माहेरी मासिकांतली कात्रणं जमवून मी स्वतःला मोठी कलावंत समजत होते. गंगावन लावून जाडजूड वेणी पाठीवर सोडायची आणि तुटक्या बांगड्यांचं तोरण करायचं. ते तोरण मी दाराला लावलं. सासूबाई त्याच्याखालून गेल्या आणि वर न बघता म्हणाल्या, "हे काचा टांगून ठेवल्या तं घरात कोन मेलं?" मग मी नारळाच्या करवंटीची फुलदाणी केली, बाहेरून खडूनं नक्षी काढली, तिच्यात झेंडूची दोन फुलं ठेवली आणि ओसरीवर मांडून आत चहा ठेवायला गेले. बाहेर आले तेव्हा फुलं जमिनीवर होती आणि मामंजी करवंटीत तंबाखू थुंकत होते. "सूनबाईनं कामाची वस्तू केली," असं ते संध्याकाळी सगळ्या गावाला सांगून आले. माझ्या सबंध कलेचं एवढं एकच कौतुक झालं. मी रात्रभर उशीत डोकं खुपसून रडले, आणि दुसऱ्या दिवशी आईस्क्रीमच्या काड्यांचा लॅम्प करायला घेतला. गंगावनवाली ती बाई काही धड नव्हतीच. आता मी तिच्याकडे बघते आणि म्हणते, अगं, झोप की जरा. पुढे मिळणार नाही.

तर नामाभाऊंच्या वस्तू घरात साठत चालल्या. वापरता येत नाहीत, आणि टाकायच्या कुठं? घंटागाडीत टाकायची सोयच नाही, तिथं ते स्वतः उभे. म्हणून आम्ही दोघी सासू-सुनांनी एक पद्धत काढली. लहान वस्तू वैशाली स्कूटीच्या डिकीत घालायची आणि दवाखान्यात जाताना वाटेवरच्या कचराकुंडीत सोडून द्यायची. मोठ्या वस्तू मी दुपारी, नामाभाऊ झोपले की, सायकलवरच्या भंगारवाल्याला फाटकावरून हळूच द्यायची. वर त्याला बजावायची, "आवाज करू नको रे बाप्पा." पाळण्याची मोटर अशीच गेली, युरियाचा रेनकोट असाच गेला. नामाभाऊंनी कधी विचारलं नाही. त्यांना काही कळत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

या वर्षी पोळा जवळ आला तेव्हा ओवीनं बैल मागितला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठ्या बैलांचा सण झाला की लेकरांच्या लाकडी बैलांचा. पोरं चाकाचे बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघर जातात, घरची बाई बैलाला ओवाळते, आणि पोरांच्या हातावर बोजारा म्हणून काहीतरी खाऊ ठेवते. ज्याचा बैल मोठा आणि चकचकीत, त्याची त्या दिवसापुरती ऐट. ओवीला पांढरा बैल पाहिजे होता, निळ्या शिंगांचा. प्रशांत म्हणाला, "नागपूरहून आणतो." असं तो रोज सकाळी म्हणत होता.

हे नामाभाऊंच्या कानावर गेलं. जाणारच, कारण ओवी ते पूर्ण ले-आउटला ओरडून सांगत होती. चार-पाच दिवस त्यांच्या अंगणातून ठोकाठोकीचा आवाज आला, आणि मग एका संध्याकाळी ते स्वतः आले, हातात जुन्या धोतरानं झाकलेलं काहीतरी. आमच्या ओसरीवर ठेवलं आणि धोतर काढलं.

अंग म्हणजे तेलाची पिवळी प्लास्टिकची कॅन. पाय मोडक्या स्टुलाचे, चारही वेगवेगळ्या स्टुलांचे असावेत. चाकं लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांची. शिंगं म्हणजे माझ्याच त्या झाऱ्याचा दांडा, मधून कापलेला. आणि शेपटी पाहिली तेव्हा मी पदर तोंडाशी नेला. काळीभोर, लांब, टोकाला गोंडा असलेली. ते माझं गंगावन होतं. मागल्या दिवाळीत पेटी झाडताना मी ते कचऱ्यात टाकलं होतं. वडनेरच्या त्या कलावंत बाईचा तोरा आता एका कॅनच्या मागे लटकत होता. खरं सांगते, माझ्या पाठीवर होता त्यापेक्षा तिथं बरा दिसत होता.

नामाभाऊ ओवीकडे बघत होते. ओवी बैलाकडे बघत होती.

"हा बैल नाई," ओवी म्हणाली. "हे त डुक्कर हाय."

"ओवी!" मी ओरडले.

"मले नाई पायजे भंगार. पप्पा आणून राह्यले खरा बैल."

नामाभाऊ हसले. "हो ना... डुकरावानीच दिसून राह्यला खरा. तोंड चुकलं माह्यं." मग ते वाकले, धोतर पुन्हा नीट पांघरलं, चारही बाजूंनी खोचलं, थंडीत लेकराला खोचतात तसं, आणि उचलून घेऊन गेले. "होते, होते," एवढंच म्हणाले. याचं काई तरी होते, हे पुढचं म्हणालेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली. गाडीच्या मागे कोणी नव्हतं.

मी बादली घेऊन उभी राहिले. गाडीवाला म्हणाला, "टाका ना काकू." बादलीत तुटलेली गाळणी होती, गुड्डूच्या बुटाचा एक पाय होता. टाकून दिलं. थांबा म्हणणारं कोणी नव्हतं. खरं तर हलकं वाटायला पाहिजे होतं, पण नाही वाटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते आले नाहीत, आणि पुढेही नाही. दार उघडं दिसायचं, आत कंदिलाएवढा दिवा दिसायचा, पण माणूस बाहेर यायचा नाही. वैशाली म्हणाली, "आई, नामाकाका बिमार तं नाहीत ना?" मी म्हटलं, "बिमार नाहीत. सात वर्षांच्या पोरीनं डुक्कर म्हटल्यावर माणूस चार दिवस घरात बसतोच. तुझे सासरे होते तेव्हा मी एकदा 'शिरा तुम्ही बिघडवला' म्हटलं, तर आठवडाभर बसले होते."

पोळा झाला. त्या दिवशी प्रशांतची गाडी उशिरा आली, आणि तो आला तेव्हा हातात बैल नव्हता. दुकानातले संपले होते, उद्या सकाळी वर्ध्यातून नक्की आणतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून फोन आला आणि तो गेला. वैशालीला सलग दुसरी ड्युटी लागली होती. जाताना ती ओवीला कुशीत घेऊन म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन आणू, पिल्ल्या." धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून, कुंकवाची मिशी काढून ओवी ओसरीच्या पायरीवर बसली. बैल नसलेला शेतकरी. समोरून शेजारच्या भोयरांची पोरं गेली, चाकांचा खडखडाट करत. मग त्यांच्या मागची गेली. ओवीनं मान खाली घातली, आणि कुंकवाची मिशी ओघळायला लागली.

माझे गुडघे त्या दिवशी असे दुखत होते की देवघरापर्यंत जायची इच्छा नव्हती. पण मी गुड्डूला कडेवर घेतलं, ओवीचा हात धरला आणि म्हटलं, "चल."

"कुठं?"

"समोर."

नामाभाऊंच्या घरात मी इतक्या वर्षांत ओसरीच्या पुढे गेले नव्हते. ते नेहमी आमच्याकडे, आपण कशाला जायचं? मला वाटत होतं, आत पाय ठेवायला जागा नसेल, पूर्ण गावाचं भंगार भरलेलं असेल. आत गेले तर घर रिकामं होतं. एक खाट, एक खुर्ची, खुंटीला दोन सदरे, कोपऱ्यात झाकलेला माठ. गल्लीतून उचललेलं काहीच त्यांनी स्वतःसाठी ठेवलं नव्हतं. फक्त एका भिंतीला लांब फळी होती आणि त्या फळीवर वस्तू मांडलेल्या होत्या.

खुळखुळा होता. नवं झाकण, आत मुगाऐवजी काचेच्या गोट्या. पाळण्याची मोटर होती, तिच्यावर कापडाचं टोपडं चढवलेलं, आवाज कमी व्हावा म्हणून. युरियाचा रेनकोट घडी करून ठेवलेला, अक्षरांच्या जागी त्यांनी हाताने एक फूल रंगवलं होतं. भोयरांकडची बाहुली, कोपऱ्यावरच्या घरातला शाळेचा डबा, जुन्या टोपीचा केलेला आणि वैशालीनं कुंडीत सोडलेला ससा. ले-आउटमधल्या प्रत्येक घरानं लपूनछपून टाकलेलं सगळं, पुसून, दुरुस्त करून, ओळीनं.

मी बघत राहिले आहे हे त्यांनी पाहिलं.

"तुमच्या घरून चुकून भंगारात गेलतं," ते घाईनं म्हणाले. "भंगारवाला मले आणून देते, कचराकुंडीतलं बी. कामाचं घर हाय तुमचं, सून बिचारी धावपळीत राह्यते, चुकून जाते एखांदी वस्तू. म्या ठेवलं सांभाळून. पुढं अजून एखांदं लेकरू झालं त लागन ना."

तिसऱ्या लेकराची ही तयारी मी वैशालीला अजून सांगितलेली नाही. सांगितली तर ती आधी रडेल आणि मग नोकरी सोडेल. पण तेव्हा मला हसू आलं नाही. "हो ना भाऊजी," मी म्हटलं, "चुकूनच गेलं."

बैल खाटेच्या पायाशी उभा होता. त्याचं तोंड नवीन केलं होतं. आता तो डुकरासारखा दिसत नव्हता, गाढवासारखा दिसत होता. आणि पुढच्या डाव्या पायाला पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळून घट्ट गाठ मारली होती.

"नाई आवडला त राहू दे बाई," ते ओवीला म्हणाले. "म्या सांगतो पोट्ट्यायले, ओवीचा बैल घरी हाय म्हून."

ओवी पट्टीकडे बघत होती. "याले काय झालं?"

"पाय मोडला त्याचा. चिपकून नाई राह्यला, म्हून बांधला."

"फ्रॅक्चर?"

"हो... तसंच."

ओवी गुडघ्यावर बसली. तिनं पट्टीची गाठ तपासली, अगदी तिची आई तपासते तशी, भुवया जवळ करून. "मम्मीच्या दवाखान्यात असं लूज बांधत नाईत," ती म्हणाली. तिनं गाठ सोडली, पुन्हा आवळून बांधली, आणि बैलाच्या गाढवासारख्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाई. पण याले हळू न्या लागन." मग दोरी हातात घेतली. "आजी, तू मागून पाय धर."

अशा रीतीनं सणाच्या दिवशी मी, दुखऱ्या गुडघ्यांची म्हातारी, कडेवर एक नातू घेऊन तेलाच्या कॅनचा पाय धरत दाराबाहेर आले. बाहेर आल्यावर ओवी थांबली, वळली, आणि बैलाचं तोंड पुन्हा नामाभाऊंच्या दाराकडे केलं. सगळ्यात जवळचं घर तेच होतं, एवढाच तिचा हिशेब.

"बोजारा द्या!" ती ओरडली.

नामाभाऊ दारात उभेच्या उभे राहिले. तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बैल ओवाळायचा तो घरच्या बाईनं, म्हणून ज्या घरात बाई नाही तिथं आमच्याकडची पोरं थांबत नाहीत. कोणी ठरवून दिलेलं नाही, पण खडखडाट करत पुढे निघून जातात. आमच्या ले-आउटमध्ये असं घर एकच होतं. आम्ही वडनेरहून इथं आलो तेव्हा प्रशांत लहानच होता, त्यानंही ते ओलांडलंच असेल.

नामाभाऊ आत गेले. मला वाटलं, लाजले. ते परत आले तेव्हा हातात ताट होतं. हळद, कुंकू, अक्षता, तेलवात घातलेली पणती, सगळं जागच्या जागी. आणि दुसऱ्या हातात टोपली, जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्यांनी भरलेली, ले-आउटमधल्या सगळ्या पोरांना पुरून उरतील इतक्या.

"हे कधी केलं भाऊजी?" मी विचारलं.

"कालच केलं. दरसाली करून ठेवतो, कोनी आलंच त असावं म्हून." त्यांनी पुड्यांकडे पाहिलं. "राह्यले त मीच खातो महिनाभर. वाया नाई जात काई." मग ताट माझ्याकडे केलं. "वैनी, ओवाळता का? आपलं... बाईमाणसाचं काम ते."

"दार तुमचं, पाहुणा तुमचा," मी म्हटलं. "माझ्या कडेवर हा गुड्डू आहे, हातात तो पाय आहे. तुम्हीच ओवाळा."

त्यांनी ओवाळलं. ताट एकदा उजवीकडून फिरवलं, एकदा डावीकडून, मध्येच विसरले आणि पुन्हा सुरुवातीपासून फिरवलं. बैलाच्या कपाळाला लावायचं कुंकू त्यांनी नाकावर लावलं. ओवीनं हात पुढे केला. त्यांनी पुडी ठेवली, मग अजून एक ठेवली, मग तिसरी. आत शेंगदाण्याची चिक्की होती.

ओवीनं पुडी फोडून तोंडात टाकली आणि गल्लीकडे वळून, बैल पाहिजे म्हणून पूर्ण ले-आउटला सांगत होती त्याच आवाजात ओरडली, "ए! इकडं या बे! इथं बोजारा हाय! अन् माह्या बैलाचं फ्रॅक्चर हाय, पाहाले या!"

चाकं खडखडत परत फिरली. चकचकीत पांढरे बैल, निळ्या शिंगांचे, एकामागून एक त्या दारापाशी उभे राहिले, आणि नामाभाऊ ताट घेऊन प्रत्येकाला ओवाळत होते, घामानं निथळत, "थांबा, थांबा, एकेक, एकेक," करत. पोरं ओवीच्या बैलाची पट्टी बघत होती. भोयरांच्या धाकट्यानं विचारलं, "शेपूट खरं हाय काय?" मी म्हटलं, "अगदी खरं आहे. एका मोठ्या कलावंत बाईचं आहे."

संध्याकाळी वैशाली आली, सोफ्यावर बसली आणि पर्ससकट झोपली. मी पर्स काढली. बैल आमच्या ओसरीवर उभा होता, पाय उशीवर. ओवीनं तसंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली. बादलीत बघितलं तर भाजीचे देठ आणि चहाचा चोथा, बाकी काही नाही. सगळ्या घरात शोधलं. काही तुटलेलं सापडेना. थकलेल्या घरात वस्तूसुद्धा मोडायच्या वेळी मोडत नाहीत. शेवटी मी प्रशांतची छत्री घेतली, गेल्याच पावसाळ्यात आणलेली, आणि ती बादलीत सगळ्यात वर, नीट दिसेल अशी खोचली.

गाणं वाजलं. गाडीच्या मागे पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता, एक हात फळीवर, दुसरा पुढे केलेला.

"थांबा," नामाभाऊ म्हणाले. "काय हाय वैनी आज?"

"कचरा आहे भाऊजी."

"अन् हे?"

"छत्री. बिघडली."

त्यांनी छत्री उघडली. ती एका झटक्यात उघडली. बंद केली. बंद झाली. पुन्हा उघडून काड्या मोजल्यासारख्या पाहिल्या, कापड उजेडात धरलं. गाडीवाला गाणं बंद करून आमच्याकडे बघत होता.

"कुठं बिघडली वो?"

"बघा की तुम्हीच. मला काय कळतंय त्यातलं?"

नामाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या चोथ्याकडे पाहिलं. मग त्यांनी छत्री काळजीपूर्वक गुंडाळली, तिचं बटन लावलं आणि काखेत धरली.

"होते," ते म्हणाले. "होते, होते. याचं काई तरी होते."